बटणसेल

बुडालेल्या पतपेढीने दिलेले सात संगणक
टेम्पोतून आले चिंचपोकळीला, आमच्या रात्रशाळेत.
कपाळावर अजून चिकटलेले कागद: रोख भरणा. चौकशी.
सहांनी मुकाट्याने लिनक्स घेतलं.
सातव्याने नाही.
त्याच्यावर लिहिलेलं: काउंटर ३, मुदतठेवी.

मी शिपाई. म्हणजे कागदावर शिपाई.
घंटा, चाव्या, टाकीचं पाणी
आणि हे.

पहिल्या रात्री त्याने पेनड्राइव्ह ओळखलाच नाही.
मागून लावला, पुढून लावला, फुंकर मारून लावला.
मग सीडी. सीडी आता कोण विकतं?
लॅमिंग्टन रोडला एकजण विकतो,
देताना असा बघतो
जणू मी बोरू आणि दौत मागितली.

दुसऱ्या रात्री पडदा काळा.
पंखा फिरतोय, दिवा लुकलुकतोय,
आत कुणीतरी आहे आणि दार उघडत नाही.
सुरू होता होता त्याला अडवायचं,
एका लांब ओळीच्या शेपटीला एक शब्द बांधायचा: नोमोडसेट.
मंत्राचा अर्थ विचारत नाहीत, याचा मी विचारून घेतला.
अर्थ साधारण असा, की
देखणं दिसायचा हट्ट सोड,
आधी दिस.

दिसला.
मग वायफाय. वायफायला ड्रायव्हर हवा,
ड्रायव्हर उतरवायला नेट हवं,
नेटला वायफाय.
रेशनकार्डाला पत्त्याचा पुरावा, पुराव्याला रेशनकार्ड,
या खिडकीवरून त्या खिडकीवर मी अख्खा एक उन्हाळा काढलाय,
ही गाठ ओळखीची आहे.
वनिता सोनटक्के, आठवी ब,
दिवसभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी मोजते,
तिने आपला फोन वायरीने जोडला:
घ्या सर, दीड जीबी आहे, बारापर्यंत.
शिपायाला सर म्हणणारी शाळेत ती एकटीच.

तरीही नाही.
ज्या सर्व्हरचं दार वाजवावं तो म्हणे,
प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही.
अजून?
मी कोपऱ्यात बघितलं.
एक जानेवारी दोन हजार दोन,
रात्रीचे बारा वाजून नऊ मिनिटं.

त्याच्या हिशेबाने पतपेढी चालू होती.
उद्या सकाळी शटर वर जाणार होतं,
काउंटर तीनसमोर रांग लागणार होती,
रांगेत अकरावा मी,
इस्त्रीच्या शर्टात, खिशात बत्तीस हजार,
व्याजाचा दर तोंडपाठ.

सांगू शकलो असतो मला, मागे फीर.
पण यंत्राला माणसं दिसत नाहीत.
तारीख बदलायची आज्ञा एका ओळीची असते,
मी ती टाइप केली, एंटर दाबलं,
आणि सगळी दारं उघडली.
बाराला पाच कमी असताना ड्रायव्हर उतरला.

दुसऱ्या दिवशी मेन स्विच लावला
तर हा परत दोन हजार दोनमध्ये.

नागपाड्याला शब्बीरभाई घडियाली बसतात, डोळ्यात भिंग घालून.
रुपयाएवढा सेल मागितला, वीसबत्तीस नंबरचा.
बंद पडलंय की मागे पडतंय, त्यांनी विचारलं.
मी म्हणालो, दोन्ही.
तीस रुपये.

जुना सेल नखाने उचकटला, हिरवा पडला होता.
नवा बसताना टिक् वाजला, इतकंच.
पुन्हा पहिल्यापासून सगळं: सीडी, तो शब्द, वनिताचा फोन,
डिस्क पुसू का? पूस.
यंत्राचं नाव काय ठेवू?
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
काउंटर३, मी टाइप केलं. तीनचा आकडा इंग्रजीत घेतला,
त्याला देवनागरी चालेना.

कपाळावरचा कागद वनिताने ओल्या फडक्याने काढला,
गोंद राहिला.
मग ती बसली, दोन बोटांनी नाव लिहिलं,
आडनाव लिहिलं, थांबली.
सर, यात ठेवलेलं राहतं ना?

दोन ठिकाणी ठेव, मी म्हणालो,
आणि घंटा द्यायला गेलो.